मोटारींचे वजनी गट

कुस्तीची जोड लावायची तर मल्लांना आधी काट्यावर उभे करतात. वजन सारखे, म्हणजे ताकदही साधारण सारखी, असे आपण धरून चालतो. मोटारींच्या शर्यतीत काटा कोणता लावायचा, हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. कारखान्यातून आली तशी गाडी घेऊन हौसेने उतरणाऱ्यांना तो फार जाचतो. पगारातून साठवून घेतलेली गाडी चुकीच्या गटात पडली, तर चालक कितीही तरबेज असो, निकाल घरून निघतानाच लागलेला असतो.

फ्रान्समध्ये १९०८ साली हलक्या मोटारींच्या शर्यतीत सिलिंडरच्या व्यासावर मर्यादा घातली गेली. एका सिलिंडरच्या इंजिनाला १०० मिलिमीटर. तर्क सरळ होता. इंजिनाची शक्ती दट्ट्यावरील दाब, दट्ट्याचे क्षेत्रफळ आणि त्याचा वेग यांवर अवलंबून असते. दाब आणि वेग सगळीकडे सारखे मानले, की उरतो व्यास. कारखानदारांनी व्यास पाळला आणि दट्ट्याची धाव लांबवली. धाव लांबली, की तेवढ्याच फेऱ्यांत दट्ट्या अधिक वेगाने पळतो. सारखा मानलेला वेग सारखा राहत नाही. १९१० च्या लायन-प्यूजो गाडीत दोन सिलिंडर होते. व्यास ८० मिलिमीटर आणि धाव २८० मिलिमीटर! घनफळ सुमारे २,८०० घन सेंटिमीटर भरते. (वर्तुळचितीचे उदाहरण म्हणून वर्गात द्यायला हरकत नाही.) १९११ साली आयोजकांनी व्यास सोडला आणि एकूण घनफळाची मर्यादा घातली, तीन लिटर.

घनफळाचा काटाही फसवा निघाला. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ने हौशी चालकांच्या शर्यतींत बाजारातील गाड्यांचे गट आधी घनफळावरच पाडले होते. १९५५ साली एमजीए आणि पोर्श ३५६ कॅरेरा या दोन गाड्या आल्या. पहिलीचे इंजिन १,४८९ आणि दुसरीचे १,४९८ घन सेंटिमीटर. फरक नऊचा, म्हणजे चहाचे दोन चमचेही नाहीत. पण कॅरेराच्या इंजिनात चार कॅमशाफ्ट होते आणि त्याची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती. एमजीएची सत्तरच्या आसपास. पुढे क्लबने घनफळाचा आग्रह सोडला आणि गाडी प्रत्यक्षात किती पळते, यावरून गट लावले. आम्हांला हा निर्णय धाडसी वाटतो. मोजपट्टीशी भांडता येत नाही, पंचांशी येते.

पळवाटा कारखान्यांनीही काढल्या. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ची गाडी. नियम १०० गाड्यांचा, बनल्या ३६. जुन्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती म्हणून ती खपवली गेली. मोकळ्या मैदानात शंकू मांडून वेळ मोजायच्या अमेरिकी हौशी स्पर्धांत म्हणूनच अट आली, की साध्या गटातील मॉडेलच्या बारा महिन्यांत किमान १,००० गाड्या बनलेल्या हव्यात.

याच स्पर्धांत निरनिराळ्या गटांची तुलना करायला वेळेला गुणक लावतात. समजा, साध्या गाडीने ६० सेकंद घेतले, गुणक ०.८०, वेगवान गाडीने ५६, गुणक ०.८५. गुणाकार ४८.० आणि ४७.६, म्हणजे वेगवान गाडी जिंकली. साध्या गाडीचा गुणक ०.७९ असता तर ४७.४ येऊन निकाल उलटला असता. (आकडे आमचे, केवळ समजण्यासाठी.) हे गुणक मागील निकालांवरून ठरतात. एखाद्या कसबी चालकाने साध्या गाडीत कमाल केली, की ती गाडीच कागदावर वेगवान ठरते आणि भुर्दंड त्या मॉडेलच्या साऱ्या मालकांना पडतो.

मग गाडी आणि चालक वेगळे कसे करायचे? प्रत्येक चालकाला प्रत्येक गाडीत बसवून पाहावे, असा प्रयोग चटकन सुचतो. त्यातले अडथळे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावेत. सकाळच्या थंड डांबरावर घेतलेली वेळ दुपारच्या वेळेशी कशी जुळवायची, हा त्यांतला पहिला.