सिम बदलले, तरी ओळख तीच : फोनमधल्या क्रमांकांविषयी कार्यकर्त्यांनी काय जाणून घ्यावे

आज सभा, मोर्चा, धम्म शिबिर किंवा वसतिगृहातली बैठक मोबाईलशिवाय होत नाही. निरोप मोबाईलवर जातो, हजेरी मोबाईलवर घेतली जाते, फोटोही मोबाईलवरच निघतात. अशा वेळी ‘नवीन सिम घेतले की आपण कुणाला सापडत नाही’ असा समज अनेक तरुण कार्यकर्त्यांमध्ये दिसतो. हा समज चुकीचा आहे. सिम हा फोनमधल्या अनेक ओळख-क्रमांकांपैकी फक्त एक आहे. बाकीचे क्रमांक कोणते, ते कुणापर्यंत पोहोचतात आणि त्यातले आपल्या हातात किती, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

चार क्रमांक, चार वाटा

आयएमईआय : हा हँडसेटचा क्रमांक. तो १५ अंकी असतो. पहिल्या ८ अंकांवरून फोनचे मॉडेल कळते, पुढचे ६ अंक त्या एका हँडसेटचे असतात आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. *#०६# डायल केले की ते पडद्यावर दिसतात. फोन टॉवरला जोडला गेला की हा क्रमांक मोबाईल कंपनीला कळतो.

आयएमएसआय : हा सिमच्या आतला क्रमांक. आपला १० अंकी मोबाईल नंबर वेगळा आणि हा वेगळा. याचे पहिले तीन अंक देशाचे असतात. भारतीय सिमवर ते बहुधा ४०४ किंवा ४०५ असतात. पुढचे अंक कंपनीचे आणि ग्राहकाचे. सिम घेताना आपण ओळखपत्र दिलेले असते, त्यामुळे हा क्रमांक थेट नाव-पत्त्याशी जोडलेला असतो.

मॅक पत्ता : वायफाय आणि ब्लूटूथच्या भागाला दिलेली ही १२ चिन्हांची ओळख. ती इंटरनेटभर फिरत नाही, जवळच्या राउटरपर्यंत जाते. पण मॉल, स्टेशन किंवा महाविद्यालयातले वायफाय यंत्र हाच फोन काल आला होता आणि आजही आला, एवढे त्यावरून ओळखू शकते. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला जोडताना खऱ्या मॅक पत्त्याऐवजी बनावट पत्ता दाखवण्याची सोय आहे.

जाहिरात ओळख : ही अँड्रॉइड किंवा आयफोनची प्रणाली तयार करते. अ‍ॅप ती वाचतात आणि जाहिरात कंपन्यांना देतात. एकाच फोनमधल्या दहा अ‍ॅपची माहिती एका माणसाची म्हणून जोडण्याचे काम तिच्यामुळे सोपे होते. चौघांपैकी सर्वांत कमी चर्चा हिची होते, पण ही एकच अशी आहे की आपण ती स्वतः पुसू शकतो.

सिम बदलून काय होते?

मोबाईल कंपनीकडे प्रत्येक कॉलची नोंद राहते. त्यात कुणी कुणाला फोन केला, किती वेळ बोलणे झाले, कोणत्या टॉवरखाली झाले, एवढेच नसते. कोणते सिम आणि कोणता हँडसेट होता, हेही असते. या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याची अट सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना घातली.

म्हणून जुन्या हँडसेटमध्ये नवे सिम घातले, तर आयएमईआय दोन्ही सिमना एका ओळीत आणून उभे करतो. नव्या हँडसेटमध्ये जुने सिम घातले, तर आयएमएसआय तेच काम करतो. दोन्ही बदलले, तरी रात्री त्याच घराच्या टॉवरखाली आणि दिवसा त्याच त्या पाच मित्रांशी बोलणे चालू राहिले, तर माणूस तोच हे समजायला वेळ लागत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आयएमईआय बदलून देणारी माणसे बाजारात भेटतात. हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कार्यकर्त्याने त्या वाटेला जाऊच नये.

नाव नसले तरी माणूस सापडतो

‘आम्ही नाव गोळा करत नाही, फक्त ओळख-क्रमांक घेतो’ असे अ‍ॅप कंपन्या सांगतात. पण एक क्रमांक रोज रात्री एका वस्तीत, दिवसा एका कार्यालयात आणि रविवारी एका विहारात दिसत असेल, तर नावाची गरज उरते कुठे?

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ‘मुस्लिम प्रो’ या नमाजाची वेळ दाखवणाऱ्या अ‍ॅपचे प्रकरण बाहेर आले. या अ‍ॅपमधली लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ या दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. प्रार्थनेसाठी घेतलेले अ‍ॅप भाविकांच्या हालचालींची नोंद झाले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीच्या नव्या अवताराला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

आपण हे उदाहरण दूरचे समजू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो फोन एकाच ठिकाणी असतात. आपल्या समाजातला तरुण शहरात भाड्याची खोली शोधतो तेव्हा आडनाव विचारले जाते, नोकरीत ‘मूळ गाव कुठले’ विचारले जाते. जात शोधणाऱ्याला एवढे प्रश्न विचारावे लागतात, कारण तरुण ती सांगेलच असे नाही. दीक्षाभूमीवर आणि विहारात गेलेल्या फोनची यादी विकत मिळाली, तर ते प्रश्न विचारायची गरजही राहणार नाही. आपली ओळख अभिमानाने सांगणे हा आपला हक्क आहे. ती कधी आणि कुणाला सांगायची, हे ठरवणे हासुद्धा आपलाच हक्क आहे.

बाबासाहेबांचे कलम

खासगीपणा हा श्रीमंतांचा विषय आहे, असे चळवळीतले काही जण म्हणतात. त्यांनी मार्च १९४७ मधले बाबासाहेबांचे निवेदन पाहावे. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, अशी तरतूद त्यांनी मूलभूत हक्कांत सुचवली होती. घटना समितीच्या चर्चेत अशा तरतुदीला विरोध झाला आणि ती राज्यघटनेत आली नाही.

१९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा हक्क घटनेत नसल्याचे म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो निकाल बाजूला सारला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात बाबासाहेबांच्या या मसुद्याचीही दखल आहे. आज आपली ‘कागदपत्रे’ फोनमध्ये आहेत, एवढाच फरक.

मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ खाली सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. हक्क मिळाला, पहारा अजून आपल्यालाच करायचा आहे.

विरोधाने फरक पडतो

१९९९ मध्ये इंटेल कंपनीने पेंटियम ३ या प्रोसेसरमध्ये प्रत्येक संगणकाला वेगळा ठरवणारा अनुक्रमांक घातला. अमेरिकेतल्या हक्क संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. पुढच्या पिढीच्या प्रोसेसरमधून कंपनीने तो काढून टाकला.

भारतातही डिसेंबर २०२५ मध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालण्याची सक्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. आयएमईआयवरून चोरीचा फोन बंद करण्याची या व्यवस्थेतली सोय उपयोगी आहे आणि ती जरूर वापरावी. आक्षेप सोयीला नव्हता, सक्तीला होता.

आपण काय करावे

१. आयएमईआय कागदावर लिहून घरी ठेवा. फोन चोरीला गेल्यास तक्रारीसाठी तो लागतो. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

२. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधील जाहिरातींच्या विभागात जाऊन जाहिरात ओळख डिलीट करा. आयफोनमध्ये अ‍ॅपना ट्रॅकिंगची परवानगी नाकारा.

३. वंदना, पंचांग किंवा गाण्यांच्या अ‍ॅपला लोकेशनची गरज नसते. ती परवानगी काढून घ्या.

४. वायफायच्या सेटिंगमध्ये खासगी किंवा बदलता मॅक पत्ता चालू आहे का, ते पाहा.

५. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर ठिकाणाची नोंद त्यासोबत जाऊ शकते. कॅमेऱ्यातले लोकेशन बंद ठेवा.

६. शिबिराची हजेरी, देणगीदारांची यादी, मुलींचे मोबाईल नंबर ही माहिती आपल्या एकट्याची नसते. काम संपले की ती फोनमधून काढा. मोठ्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो, हे सदस्यांना आधी सांगा.

७. ज्या बैठकीत फोनची गरज नाही, तिथे तो घरी ठेवला तरी चालतो.

यातले सहावे काम आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. स्वतःचा धोका पत्करायचा की नाही, हे कार्यकर्ता स्वतः ठरवू शकतो. पण त्याच्या यादीत नाव असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला तो धोका कुणी विचारून दिलेला नसतो. पुढच्या शिबिराच्या तयारीच्या बैठकीत जेवण, मंडप आणि वक्ते यांच्याबरोबर ‘यादी कुणाकडे राहील आणि कधी नष्ट होईल’ हा एक विषय घ्या.

जय भीम!