जी.एस.चा अहवाल

परवा नात सत्र संपवून सुप्याला आली. ती विधी शाखेला आहे. जेवताना तिच्या मोबाइलवर कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा निरोप आला. ग्रंथालयाची पुस्तके अमुक तारखेपर्यंत परत करा, मूट कोर्टात अमुक संघ जिंकला, वगैरे. मी सहज विचारले, "हे तुमचे प्रतिनिधी निवडून कसे येतात?"

"निवडून नाही आबा, मार्क बघून सरच नेमतात."

मला गंमत वाटली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९७० च्या सुमारास, देशात मतदानाचे वय एकवीस होते. कॉलेजात मात्र एकोणिसाव्या वर्षीच मत! आयुष्यातले पहिले मत मी खासदाराला नाही, जनरल सेक्रेटरीला, म्हणजे आमच्या जी.एस.ला दिले.

वर्ष संपत आले की गॅदरिंगमध्ये हा जी.एस. अहवाल वाचायला उभा राही. क्रिकेटच्या सामानाला किती, नाटकाच्या पडद्याला किती, चहापाण्याला किती. चहापाण्याचा आकडा आला की मागून शिट्ट्या. एका वर्षी आमच्या जी.एस.ला चहाचा हिशेब काही लागेना. बिचारा घामाघूम झाला आणि "पावत्या उद्या फळ्यावर लावतो" म्हणाला. लावल्याही. आमच्यातल्या ज्यांना पुढे वकिली करायची होती, ते त्या पावत्यांपुढे उभे राहून तासभर उलटतपासणी करत होते. (तेव्हा आमच्या भागातली मुले वकिलीसाठी पुण्याला जात. १९२४ सालचे आयएलएस लॉ कॉलेज तिथलेच.)

सगळे काही गोड होते असे मुळीच नाही. जिथे वर्गप्रतिनिधी जी.एस. निवडत, तिथे मतदानापर्यंत त्या प्रतिनिधींना सहलीच्या नावाखाली दडवून ठेवत. पुढे पक्ष आले, पैसा आला, मारामाऱ्या आल्या. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी परिषदेवर, शिवाय खेळ, एन.सी.सी., एन.एस.एस. यांचे प्रतिनिधी आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन विद्यार्थिनी. सचिव त्यांनी आपसांत निवडायचा.

योगायोग पाहा. त्याच १९८९ साली घटनादुरुस्ती होऊन मतदानाचे वय अठरा झाले. म्हणजे आम्हाला जी.एस. निवडता येई, खासदार नाही. नंतरच्या पोरांना खासदार निवडता येई, जी.एस. नाही! घटना आणि निवडणूक कायदा शिकणारी विधीची मुलेही यात आलीच.

मारामाऱ्या थांबल्या हे खरे. पण पहिल्या आलेल्या पोराला व्यासपीठावर हिशेब कोण विचारणार? तो मित्रांच्या मतांवर आलेला नसतो, पेपरातल्या गुणांवर आलेला असतो. कितीतरी हुशार मुलांना तर हे काम नकोच असे. आमच्या ग्रामसभेतसुद्धा वर्षाचा जमाखर्च मांडावा लागतो, आणि मागे बसलेला एखादा म्हातारा त्यावर हटकून बोलतो.

दुसरा मार्गही होता. लिंगडोह समितीने २००६ साली नियम सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, पंच्याहत्तर टक्के हजेरी, आणि सगळी प्रक्रिया दहा दिवसांत पुरी. मला तरी हे बंदीपेक्षा शहाणपणाचे वाटते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचे दार पुन्हा उघडले. २०१९ साली वेळापत्रकही निघाले, पण विधानसभा तोंडावर म्हणून ते पुढे ढकलले. मग कोरोनात कॉलेजेच बंद.

असो. हे सगळे ऐकून नातीने रात्री परिषदेच्या सचिवाला निरोप धाडला, 'यंदाच्या जिमखाना फीतून कशाकशावर किती खर्च झाला, ते कळेल का?'

दोन दिवसांनी उत्तर आले, 'सरांना विचारून सांगतो.'