कुर्बेची लाट आणि वास्तववादाची कसोटी

'वास्तववाद' ही संज्ञा मराठी समीक्षेत प्रामुख्याने कादंबरीच्या संदर्भात वापरली जाते. फ्रान्समध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती वादाचा विषय बनली ती मुख्यतः चित्रकलेच्या निमित्ताने. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी काही महत्त्वाची चित्रे नाकारल्यावर ग्युस्ताव कुर्बेने (१८१९–१८७७) स्वतंत्र मांडव उभारला आणि त्याला वास्तववादाचे नाव दिले. दोन वर्षांनी त्याचा मित्र शाँफ्लरी याने आपल्या लेखसंग्रहासाठी हेच नाव निवडले. चित्रकाराच्या मांडवातील ही संज्ञा अशा रीतीने साहित्यविचारात दृढ झाली. म्हणूनच कुर्बेच्या चित्रांत तिचा अर्थ कसा घडला, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकालाही आवश्यक ठरते.

चित्रकला ही मूर्त कला आहे आणि प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या, दृश्य वस्तूच तिचा विषय होऊ शकतात, अशी भूमिका कुर्बेने १८६१ साली मांडली. 'दगडफोडे' किंवा 'ओर्नां येथील अंत्यविधी' या चित्रांच्या बाबतीत ही भूमिका सहज पटते. तेथे माणसे आहेत, त्यांचे कपडे आणि त्यांचा सामाजिक स्तर आहे. पण खवळलेल्या समुद्राचे काय? लाट दृश्य असते, तरी ती चित्रकारासमोर क्षणभरही थांबत नाही. जी वस्तू पाहता पाहता नाहीशी होते, तिची प्रतिकृती करायची तरी कशी?

फ्रान्सच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात वाढलेल्या कुर्बेने समुद्र प्रथम पाहिला तो १८४१ साली, ल हाव्र येथे. पुढे पालावास व त्रूव्हिल येथे त्याने समुद्र रंगवला. १८६९ च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रेता येथे राहिला आणि तेथे लाटांची चित्रमालिका आकारास आली. त्यांपैकी 'खवळलेला समुद्र' हे चित्र १८७० च्या सलाँमध्ये मांडले गेले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. किनारा, पाणी आणि आकाश असे तीन आडवे पट्टे, काठावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि मध्ये फुटू पाहणारी लाट, एवढाच त्याचा ऐवज. माणूस कोठेही दिसत नाही.

मोपासांने १८८६ साली लिहिलेल्या एका लेखात एत्रेता येथील कुर्बेचे वर्णन आहे. स्वयंपाकघरातील सुरीने तो पांढऱ्या रंगाचे थर कॅनव्हासवर थापतो, मधूनच खिडकीशी जाऊन वादळ पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो. खिडकी आणि कॅनव्हास यांमधील हे अंतर महत्त्वाचे आहे. ते पार करताना पाहिलेली लाट स्मृतीत जाते, आणि कॅनव्हासवर उमटते ती अनेक लाटांच्या निरीक्षणातून रचलेली लाट. छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यानेही १८५० नंतरच्या दशकात आकाश व समुद्र यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून सागरदृश्ये सिद्ध केली होती. यंत्रालादेखील रचना टाळता आली नव्हती.

मग या चित्राला वास्तववादी का म्हणावे? त्याचे उत्तर कुर्बेने काय नाकारले यात शोधावे लागते. टर्नरच्या १८४२ च्या वादळचित्रात कलावंताचा आत्मानुभवच केंद्रस्थानी येतो. आपल्याला डोलकाठीला बांधून घेतले होते, असे तो सांगत असे. कॅबानेलच्या १८६३ च्या चित्रात समुद्र हा व्हीनसच्या जन्मासाठी अंथरलेली शय्या बनतो. कुर्बेने आत्मकथन आणि पुराणकथा हे दोन्ही आधार सोडले. घट्ट, खरबरीत रंगलेपातून त्याने पाण्याचे वजन प्रत्ययास आणले. रंगद्रव्याचे जडत्व आणि पाण्याचे जडत्व यांचा येथे मेळ बसतो.

सलाँ भरले त्याच वर्षी, जुलैमध्ये, फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध सुरू झाले. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये कुर्बेचा सहभाग होता. व्हाँदोम स्तंभ पाडल्याचा ठपका येऊन त्याला सहा महिन्यांचा कारावास झाला. पुढे स्तंभाच्या पुनर्बांधणीचा खर्च त्याच्यावर लादण्यात आला आणि १८७३ साली त्याने स्वित्झर्लंड गाठले. तेथेच त्याचे निधन झाले. हा इतिहास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या लाटेत जनतेचा उठाव दिसू लागणे स्वाभाविक आहे. पण तो अन्वयार्थ उत्तरकालीन घटनांनी पुरवलेला आहे. आणि ज्या रूपकाला कुर्बेने दाराबाहेर ठेवले, तेच त्यातून मागच्या दाराने आत येते.

या लाटेवरून एक निष्कर्ष काढता येतो. वास्तववादाची कसोटी विषयाच्या सामाजिकतेत किंवा हुबेहूबपणात शोधणे अपुरे आहे. प्रत्येक वास्तववादी कृती रचलेलीच असते. तिच्यातील रचना वस्तूचे स्वत्व जपते की वस्तूला दुसऱ्याच अर्थाची वाहक बनवते, हा खरा प्रश्न आहे. कादंबरीतील दुष्काळ, पाऊस किंवा समुद्र यांचा विचार करतानाही हाच प्रश्न विचारावा लागेल.