नेम तोच, बंदूक गेली

फेब्रुवारी १८७५. लखदीव बेटांच्या सफरीवर निघालेला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम वाटेत वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर उतरला. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. इंग्रजी नकाशांत हे खडक ‘बर्न्ट आयलंड’ म्हणून नोंदलेले आहेत, तर किनाऱ्यावर निवतीचे खडक म्हणून ते ओळखले जातात. विणीचा हंगाम तेव्हा कधीच सरला होता. ह्यूमच्या हाती लागली ती अंड्यांची कवचे आणि उन्हावाऱ्याने वाळून खडखडीत झालेली सुरयांची कलेवरे. ब्रायडल्ड टर्न या समुद्री सुरयाची इथे वीण होते, हे त्याने त्या अवशेषांवरून ताडले.

त्या काळी पक्षी पाहिला एवढे सांगून भागत नसे. कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून तो पेटीत गेला की मगच त्याची नोंद पक्की. ह्यूमने पक्ष्यांची अशी कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह उभा केला आणि १८८५ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ज्या काँग्रेसच्या स्थापनेमुळे त्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, ती स्थापनाही त्याच वर्षातली. रत्नागिरीच्या समुद्रपक्ष्यांच्या आजच्या छायाचित्रांचे मूळ शोधत गेले की वाट या पेट्यांपाशी येऊन थांबते. कॅमेरा इथे पुरावा म्हणून आला. सुंदर चित्राची हौस त्याला पुढे कधीतरी चिकटली.

ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८० साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापून आली. ती तयार केली होती जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर बाहेर पडले तेही त्याच वर्षी, आणि त्यातही व्हिडालचा मोठा हात होता. आज एखादा पक्षिनिरीक्षक भाट्याच्या पुलावर किंवा जयगडच्या खाडीत उभा राहून ‘हा पक्षी इथला नेहमीचा की नवा?’ असा प्रश्न करतो, तेव्हा तुलनेसाठी हाताशी असलेला सर्वांत जुना आधार ही यादीच. दुर्बिणी जेमतेम, कॅमेरा नाही, आणि तरीही एवढे बारकाईचे काम या माणसाने सरकारी नोकरी सांभाळून केले. त्याचे ऋण कोकणाने मोकळेपणाने मानायला हवे.

याच सुमारास युरोपात बंदुकीचे रूप पालटत होते. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन याने ‘फोटोग्राफिक रिव्हॉल्व्हर’ वापरले. गोल फिरणाऱ्या एकाच तबकडीवर ते लागोपाठ प्रतिमा उमटवत असे. (हाच जान्सेन १८६८चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला आपल्याकडे गुंटूरला येऊन गेला होता.) एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने ती कल्पना उचलली. पक्षी उडताना पंख नेमके कसे हलवतो, हे त्याला जाणून घ्यायचे होते. १८८२ साली त्याने सरळ खांद्याला लावायची बंदूकच बनवली: दस्ता, घोडा, नळी, सगळे जागच्या जागी. नळीत मात्र भिंग होते, आणि काडतुसांच्या जागी काचेची तबकडी. घोडा ओढला की सेकंदाला बारा प्रतिमा उमटत, प्रत्येकीचे उद्भासन सेकंदाचा ७२०वा भाग. इटलीत नेपल्सच्या किनाऱ्यावर तो ही बंदूक घेऊन फिरला, आणि तिने टिपलेल्या पहिल्यावहिल्या पाखरांत समुद्रावरचे कुरव होते.

म्हणजे उडत्या पक्ष्याच्या छायाचित्राचा जन्मच समुद्रकाठचा. व्हिडालची यादी छापून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

समुद्रपक्षी जवळून टिपण्याची, म्हणजे पफिनची, गोष्ट याच्या पुढची. लाल-पिवळ्या चोचीचा, बुटका, अंगाने साधारण कबुतराएवढा असा हा उत्तर अटलांटिकचा पक्षी एरवी भर समुद्रात राहतो आणि उन्हाळ्यात विणीपुरता जमिनीवर येतो. कड्यावरच्या गवताळ मातीत तो बिळे खणतो. तिथे जाऊन शांत बसले तर चोचीत मासळी आडवी धरलेला पफिन हाकेच्या अंतरावर उतरतो, त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या छायाचित्रणाची शाळा अशा वसाहतींवरच भरली. रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे यॉर्कशरचे दोघे भाऊ या शाळेचे आद्य गुरू. १८९२ मध्ये त्यांनी अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला, १८९५ मध्ये केवळ रानात घेतलेल्या छायाचित्रांनी सजवलेले ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक काढले, आणि १८९६ मध्ये ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावर पोचले. बेटावरची माणसे कड्यांवरून दोराने उतरून पफिन आणि फुल्मार पकडत. तेच त्यांचे अन्न, आणि पिसे विकून मिळणारा पैसाही त्यातूनच. किअर्टन बंधूंनी पक्षीही टिपले आणि पक्षी धरणारी माणसेही. काचेच्या तबकड्या आणि लाकडी तिकाटणे घेऊन चेरी स्वतः दोराला लोंबकळत कड्यावर उतरत असे.

कोकणात हे जमण्यासारखे नव्हते, त्याचे कारण भूगोलात आहे. रत्नागिरीचे कडे उंच आहेत, पण त्यांवर पफिनसारख्या वसाहती नाहीत. इथे हिवाळ्यात दिसणारे कुरव पाहुणे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि थंडी काढायला खाली उतरतो. खरे भर समुद्रातले पक्षी किनाऱ्यापासून लांबच राहतात. घरटी करणाऱ्या सुरयांसाठी पुन्हा निवतीचे खडकच गाठावे लागतात, आणि तिथे होडी लावणे समुद्राच्या मर्जीवर. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली तिथे जाऊन आले आणि १९४० व १९४२ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिले. ब्रायडल्ड टर्नखेरीज रोझिएट टर्न आणि मोठा तुरेवाला सुरय यांची वीणही तिथे नोंदली गेली. खडकांच्या गुहांत घरटी करणाऱ्या छोट्या पाकोळ्यांचीही दखल त्यांनी घेतली. या पाकोळ्यांची लाळेची घरटी परदेशी बाजारासाठी चोरली जात असल्याचे पुढे २००१ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने उघडकीला आणले.

भारतात पक्ष्यांचे छायाचित्रण रुजले ते जमिनीवर, घरट्यासमोर कनाती उभारून. रेल्वेतले ई. एच. एन. लोथर यांचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ १९४९चे. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो युद्धकाळात भारतात आले, सालिम अलींच्या संगतीत पक्ष्यांत रमले आणि १९५७ मध्ये त्यांनी ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ काढले. समुद्रावर मात्र कनात कामाची नाही. तिथे हलत्या होडीतून हलता पक्षी टिपायचा. त्यासाठी पुन्हा बंदुकीचाच दस्ता आला: १९६५ पासून सोव्हिएत कारखान्यात ३०० मिलिमीटर भिंगाचा ‘फोटोस्नायपर’ निघू लागला. खांद्याला टेकवायचा, घोडा ओढायचा. मारेच्या बंदुकीशी त्याचे नाते पाहताक्षणी ओळखू येते.

आपल्याकडची खरी बंदूक मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खाली ठेवायला लावली. संशोधनासाठी पक्षी मारणेही हळूहळू बंद पडत गेले, आणि पेटीतल्या कातड्याची जागा रिकामी झाली. ती छायाचित्राने भरली. सतीश पांडे, सलील तांबे, क्लेमंट फ्रान्सिस आणि निरंजन संत यांचे पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवरचे पुस्तक २००३ साली आले, तेव्हा एकशेवीसेक वर्षांपूर्वी व्हिडालने शब्दांत केलेले काम आता छायाचित्रांतून उलगडत होते.

छायाचित्र कातड्याचे काम कसे करते, ते पाहायला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जावे. हिवाळ्यातली सकाळ, ट्रॉलर धक्क्याला लागलेले, खलाशी जाळ्यातली बारीकसारीक टाकाऊ मासळी पाण्यात भिरकावताहेत आणि वर कुरवांचा कलकलाट. या दिवसांत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन्ही कुरव डोक्यावरचा गडद रंग टाकून देतात. कानामागे एक काळपट ठिपका तेवढा उरतो. नुसत्या नजरेला दोघे सारखेच. पण उडत्या पक्ष्याचा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात घेतलेला फोटो मोठा करून पाहिला, की पंखाचे टोक बोलू लागते. काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड शेवटपर्यंत पांढरी पाचर दाखवत असेल तर काळ्या डोक्याचा. वयात आलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही फिकट असतो. पूर्वी एवढे पाहण्यासाठी पक्षी तळहातावर मेलेला लागत असे.

यात कसब आहे. पांढरा पक्षी उन्हात कॅमेऱ्याला फसवतो. पाठीमागचे गडद पाणी पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसांचे सगळे तपशील पांढऱ्याफटक डागात बुडतात. म्हणून उजेड मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. धक्क्यावर उभे राहण्यापेक्षा पाण्याच्या पातळीला बसलेले बरे. होडीत असाल तर तिकाटणे घरी ठेवावे, कारण इंजिनाची थरथर त्यातून थेट भिंगात चढते. कोपर अंगाशी घट्ट धरून, गुडघे थोडे वाकवून लाटेबरोबर हलायचे. खाऱ्या तुषारांनी भिंग माखते; ते कोरड्या फडक्याने खसखसा पुसले तर मिठाचे कण काच ओरबाडतात. आधी ओलसर कापडाने टिपावे.

काकणाची, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची, बाब वेगळी आणि नाजूक आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्याचा हा मानाचा पक्षी. आंबा, वड, सुरू अशा उंच झाडांवर काटक्यांचे भलेमोठे घरटे बांधतो, वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करतो, आणि समुद्रसाप पकडून आणतो. घरट्याच्या झाडाखाली त्या सापांचे सांगाडे पडलेले असतात. भाऊ काटदरे आणि त्यांच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’च्या सहकाऱ्यांनी या किनाऱ्यावर गरुडाच्या घरट्यांची पाहणी केली. त्यातली कितीतरी घरटी लोकांच्या खासगी आगरात आणि बागांत आहेत, म्हणजे गरुड टिकतो तो झाडाच्या मालकाच्या भलेपणावर. अशा घरट्याखाली मोठी भिंगे घेऊन गर्दी झाली की नर-मादी अंडी सोडून घिरट्या घालत राहतात आणि तेवढ्यात कावळे डाव साधतात. लोथरच्या पिढीचा सगळा डोलारा घरट्यावर उभा होता; आज अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारतच नाहीत. ही शिस्त योग्य आहे, आणि कोकणात ती अजून पुरती मुरलेली नाही.

राहता राहिला पावसाळा. मास्क्ड बूबी, फ्रिगेट, सूटी टर्न यांसारखे भर समुद्रातले पक्षी नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ढकलले जाऊन किनाऱ्याला लागतात ते याच दिवसांत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतलेल्या, समुद्र खवळलेला. त्यामुळे या पक्ष्यांचे उडतानाचे फोटो फार थोडे, आणि थकून वाळूत बसलेल्या किंवा मेलेल्या पक्ष्यांचे जास्त. त्यांतले बरेचसे आता मोबाइलवर घेतलेले असतात, आणि घेणारा बहुधा किनाऱ्यावर फेरी मारायला गेलेला मच्छीमार किंवा शाळकरी पोर असते. फोटो गावच्या गटावरून चिपळूण-रत्नागिरीच्या पक्षिमित्रांकडे जातो, वनविभागाला फोन होतो. जिवंत बूबीला लगेच पाण्यात ढकलू नये, समुद्राने थकवूनच त्याला बाहेर टाकलेले असते, एवढे सांगणारा माणूस तासाभरात तिथे पोचला तर पक्षी वाचतोही. आणि नोंदीच्या रकान्यात जातीचे नाव, गाव, तारीख आणि तो मोबाइलवरचा फोटो चढतो.