ओल-सेन्सर (भाड्याच्या घरांतील)

खोलीतल्या हवेचे तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि बहुधा कार्बन डायऑक्साइडही दर काही मिनिटांनी मोजून ते आकडे बिनतारी पद्धतीने घरमालकाकडे पोचवणारे छोटे उपकरण. साबणाच्या वडीएवढी प्लॅस्टिकची डबी, भिंतीला छातीच्या उंचीवर लावलेली, आत काही वर्षे पुरणारी बॅटरी. बुरा डोळ्यांना दिसण्याआधी ओलीची चाहूल लागावी, हे तिचे काम. ब्रिटनमधील हाउसिंग असोसिएशन आणि नगरपालिकांच्या भाड्याच्या घरांत गेल्या दशकभरात ती रुळत गेली. लंडनच्या ‘स्विची’ कंपनीने तर हे सेन्सर थेट हीटिंगच्या थर्मोस्टॅटमध्येच बसवले.

आर्द्रता मोजण्याची विद्या जुनी आहे. जिनिव्हाचे होरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये केसाच्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, एवढ्यावर ते यंत्र चाले. आता केसाच्या जागी पॉलिमरचा पातळ थर आला. तो हवेतली वाफ शोषतो, त्याची विद्युतधारिता बदलते आणि चिप त्यावरून टक्केवारी काढते. चांगल्या चिपची चूक दोन-तीन टक्क्यांच्या आत असते. मोजणे स्वस्त झाले. भांडण आहे ते आकडा कुणावर रोखायचा याचे.

भाड्याच्या घरातली ओल ही मुळातच दोन पक्षांची तक्रार. भाडेकरू म्हणतो, भिंत गळते. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता. ग्रेटर मँचेस्टरमधील रॉचडेल येथे हा वाद एका मुलाच्या जिवावर बेतला. अवाब इशाकच्या वडिलांनी एका बेडरूमच्या फ्लॅटमधल्या बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती. त्यांना सांगण्यात आले, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये, नुकतीच दोन वर्षे पूर्ण झालेला अवाब श्वसनाच्या विकाराने दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे हा विकार झाला, असा निष्कर्ष मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या कोरोनर जोआन किअर्सली यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये काढला. घर सांभाळणारी संस्था दोष कुटुंबाच्या ‘राहणी’चा असल्याचे धरून चालली होती. भाडेकरूंच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या इंग्लंडच्या हाउसिंग ओम्बड्समनने ऑक्टोबर २०२१ मध्येच ओल आणि बुरशीवरील आपल्या अहवालाच्या मथळ्यात ‘हा राहणीचा प्रश्न नाही’ असे बजावले होते.

सेन्सर या वादात साक्षीदार म्हणून उतरतो. मात्र त्याची साक्ष नीट समजून घ्यावी लागते. बुरशीला भिंतीवरून पाणी ओघळायला लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की तिचे भागते. सेन्सर असतो खोलीच्या हवेत. तिथे २० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर आकडा निरुपद्रवी दिसतो. तीच हवा कपाटामागच्या, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यात सरकली आणि तो कोपरा साडेपंधरा अंशांवर असला, की तिथली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. कोपरा १२ अंशांवर उतरला तर थेट दव धरते. म्हणजे डबीत ६० आणि कपाटामागे काळे ठिपके, ही दोन्ही एकाच खोलीतली, एकाच रात्रीची वस्तुस्थिती असू शकते. म्हणून नुसत्या टक्केवारीवर भिस्त ठेवणारी यंत्रणा कच्ची. जाणते लोक तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून हवेतल्या वाफेचे प्रत्यक्ष प्रमाण काढतात आणि ते बाहेरच्या हवेशी ताडून पाहतात.

आलेखाच्या आकारावरून बरेच कळते. सकाळी आंघोळीला आणि संध्याकाळी स्वयंपाकाला आर्द्रता टोकदार चढते. हवा बाहेर फेकणारा पंखा धड असेल तर तासाभरात खाली येते. टोक चढले आणि दुपारपर्यंत उतरलेच नाही, तर आधी पंख्याची जाळी उघडून बघावी. बंद बेडरूममध्ये दोन माणसे झोपली की श्वास आणि घाम मिळून रात्रभरात अर्धा लिटरभर पाणी हवेत जाते; कार्बन डायऑक्साइडची रेघ पहाटेपर्यंत चढत राहते आणि आर्द्रताही तिच्या मागोमाग जाते. हे हवा न खेळल्याचे लक्षण. याउलट कुटुंब गावाला गेले आहे, कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेइतका, ४२० पीपीएमच्या आसपास स्थिर आहे, तरीही खोली दमटच, असे दिसले तर पाणी पाइपातून, छतातून किंवा जमिनीतून येत असणार. तिथे भाडेकरूच्या राहणीचा मुद्दा संपतो.

सर्वांत बोलका आलेख बहुधा तापमानाचा. भर जानेवारीत ती रेघ दिवसरात्र १४ अंशांवर सपाट असेल, तर त्या घराला हीटिंगचे बिल परवडत नसावे. अशा कुटुंबाला ‘खिडकी उघडा’ असा मेसेज पाठवणे ही थट्टाच.

अवाबच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२३ च्या सोशल हाउसिंग (रेग्युलेशन) ॲक्टमधून आला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडच्या सामाजिक भाड्याच्या घरांना लागू झाला. तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई करायची. ओल-बुरशीच्या गंभीर धोक्याची तपासणी १० कामकाजी दिवसांत आणि त्यानंतर ५ कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करायचे, अशा मुदती त्यात आहेत. सेन्सरने महिनाभर इशारे दिले आणि ते कुणी उघडलेच नाहीत, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे म्हणणे मालकाला जड जाणार.

भाडेकरूंना या डबीचे कौतुक असेलच असे नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेघेवरून घरी कोण कधी असते, रात्री पाहुणे मुक्कामाला होते का, याचा अंदाज बांधता येतो. ब्रिटनच्या विदा-संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ही वैयक्तिक माहिती ठरू शकते. दुसरी भीती अधिक रास्त आहे: मदतीसाठी लावलेले यंत्र उद्या ‘बघा, तुम्हीच वाफ करता’ म्हणायला वापरले जाईल. आलेख भाडेकरूलाही त्याच्या फोनवर दिसत असेल, तर निदान दोघांच्या हाती कागद एकच राहतो.

इंग्लंडमधले इशारे महाराष्ट्रात जसेच्या तसे चालत नाहीत, आणि याचे कारण हवेतच आहे. तिकडे हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे चिंब वाटणारा दिवस. तरी ती हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. पावसाळी इंग्लिश हवा घर वाळवते! मुंबईतली जुलैची हवा २७ अंशांवर ८५ टक्के आर्द्र असली आणि एसीने २४ अंशांवर आणलेल्या खोलीत शिरली, तर ती १०० टक्क्यांना टेकते. तिथे खिडकी उघडली की उलट कपाटातल्या चपलांना बुरा चढतो. तिथे सेन्सरने दारे-खिडक्या लावून ओलावा शोषणारे यंत्र किंवा एसीचा ड्राय मोड सुचवायला हवा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला तर आणखी एक उपकरण लागते. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाझरून भिंतीला पोपडे आले असतील, तर हवेतला आकडा पुरत नाही. दोन सुया भिंतीत टोचून ओल दाखवणारा मीटर लागतो. घर ताब्यात घेताना त्याच्या पडद्याचा, भिंतीसकट आणि तारखेसकट, फोटो काढून ठेवला, तर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्याची बोलणी वेगळ्या सुरात होतात.