फितूर आणि मीठ

‘फितूर’ हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतों कीं, त्याच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. मूळ अरबी ‘फुतूर’ म्हणजे शैथिल्य. फारशींतून मराठींत येतां येतां त्यास बंड, भेद, शत्रूस मिळणें हे अर्थ चिकटले. त्याच्या शेजारीं ‘नमकहराम’ हा शब्द ठेवून पाहावा. बेइमानी कोणाशीं, याचें उत्तर त्यांतच आहे: ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं. जुन्या काळीं निष्ठेचें माप धनी हें होतें. देश हें माप मागाहून आलें.

तापीकांठचा एक दाखला घेऊं. १ जुलै १९९८ रोजीं ज्या धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या धुळ्याकडे थाळनेरचा किल्ला राहिला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं तो इंग्रजांस दिला. पण किल्लेदार तुळशीराम मामा यांनीं तो खालीं केला नाहीं. २७ फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉप चालून आला. किल्लेदार स्वाधीन झाले. पुढें आंतल्या दरवाजाशीं चकमक उडून इंग्रज अधिकारी पडले, आणि सारी शिबंदी कापली गेली. त्याच दिवशीं किल्लेदारास फांशीं दिलें. कारण काय, तर धन्याचा तह मोडला! ज्यानें धन्याचा किल्ला सोडला नाहीं, तोच बंडखोर ठरला. १८१९ त पार्लमेंटनें हिस्लॉपचे आभार मानले, तेव्हां हें कृत्य मात्र त्यांतून वगळलें.

आतां नंदुरबार शहरांत येऊं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तेथें मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. गोळी झाडणारे शिपाई सरकारच्या मिठास जागले. मुलांनीं तें मीठच नाकारलें. जुन्या मापानें शिपाई इमानी व मुलें राजद्रोही. गांवानें मात्र स्मारक उभारलें तें मुलांचें. एक वर्ष कमी सव्वाशें वर्षांत, म्हणजे सव्वा शतकाच्या आंत, माप असें पालटलें.

फितुरी ही केवळ दृष्टीची बाब आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पैशासाठीं रात्रीं दरवाजा उघडणारा कोणत्याही मापानें फितूरच. परंतु जुन्या माणसास हा शब्द लावण्यापूर्वीं इतकें विचारावें: त्यानें मीठ कोणाचें खाल्लें होतें, आणि माप कोणाच्या हातीं होतें?