गारांआधीचे 36 तास

36 तास. शुक्रवार, 9 फेब्रुवारी 2018. त्या खरिपात कापूस गुलाबी बोंडअळीने नेला होता. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. तिथून जालन्याकडे जाताना दोन्ही अंगांना उभी होती ती रब्बी, आणि सगळी भिस्त तिच्यावरच.

24 तास. शनिवार, सकाळचे 8:30. हवामान खात्याचा दिवस या वेळी बदलतो. औरंगाबादच्या चिकलठाणा वेधशाळेतही नोंद याच ठोक्याला होते. मराठवाडा-विदर्भाला गारपिटीचा इशारा आलेलाच होता. पश्चिमी झंझावातामागून वरच्या थरात थंड हवा येते, खाली समुद्रावरचा दमट वारा शिरतो, आणि दोन्हींच्या मध्ये ढग उभाच्या उभा वाढत जातो. जूनमध्येही ढगात गारा होतात, पण जमिनीवर येईतो बहुतेक वितळतात. फेब्रुवारीत गोठणाची पातळी खाली असते, म्हणून गार गारच राहते.

12 तास. शनिवार, दिवेलागण. काढलेली तूर घरात येते, हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री पडते. इशाऱ्याचा उपयोग इथवर. जालन्याजवळच्या कडवंचीच्या द्राक्षांना कुठे हलवायचं? मोसंबीच्या बागेला? ओंबीतल्या गव्हाला? शेतकऱ्यांनी इशारा मनावर घेतला नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

3 तास. पहाट, अंधार. खात्याचा तात्काळ इशारा जास्तीत जास्त एवढ्याच वेळेचा असतो. त्यात जिल्ह्याचं नाव असतं, गावाचं नसतं. आणि रात्रपाळीच्या लाइटीवर पाणी धरणारा माणूस या वेळी शेतातच असतो.

0. रविवार, 11 फेब्रुवारी, सकाळ. जालना, बीड, विदर्भ. जालना तालुक्यातल्या वंजार उम्रदमध्ये एक वृद्ध गारांच्या माराने गेले. गारांचे ढीग साचले. ज्वारी लोळली, घाटे झडले, द्राक्षाचे मणी फुटले.

पुढचे काही दिवस. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, पंचनामे. राज्याचा सुरुवातीचा अंदाज 11 जिल्ह्यांत सव्वा लाख हेक्टरच्या आसपास होता. मदतीचा दर तेव्हा जिरायतीला हेक्टरी 6,800, बागायतीला 13,500 रुपये होता, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. मशागत, बी, खत धरा. हा आकडा वाचताना मला आजही राग येतो.

पण त्या रविवारची रात्र. गंजीवरची ताडपत्री कोणी काढली नाही. इशारा मंगळवारच्या महाशिवरात्रीपर्यंत होता.